रोज दोन तास मोकळ्या हवेत

बुधवार, २२ ऑक्टोबर
(स्वयंपाकघरातून, दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत)

आदरणीय ल्युसिलाताई हिस,

धाकट्या जेनेव्हीवचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तुझा रक्तदाब आटोक्यात आहे हे वाचून पवित्र मातेचे आभार मानले, पण मीठ अजून कमी कर. आपल्या बाबांचं काय झालं ते विसरू नकोस. भावोजींचे नवे दात बसले का? सूप तरी पिऊ देतात का त्यांना? इकडे आम्ही सगळे ठीक. म्हणजे मी जिवंत आहे आणि जोसीला भूक चांगली लागते. या घरात हल्ली एवढ्यालाच ठीक म्हणतात.

डॅरिलची जोसी (आता पाच पुरी झाली) माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले. सूनबाईला, म्हणजे शीलाला, डॉक्टरांनी दुसऱ्या बाळंतपणापर्यंत अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलंय, हे तुला ठाऊकच आहे. पोरीला सोडायला आला तेव्हा डॅरिल दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुझ्याच्यानं होईल ना? नाहीतर आमच्या मिलवॉकीत चांगलं पाळणाघर आहे. महिनाभरानं येतो, बघतो, मग ठरवू." बघतो म्हणे! मी चार पोरं वाढवली, त्यातलाच हा एक, लोणच्याच्या बरणीत डोकं अडकवून घेणारा, आणि हा मला बघणार. तर येत्या रविवारी साहेब बघायला येताहेत. पोरगी नाताळपर्यंत माझ्याकडे राहायची की पाळणाघरात जायची, ते त्या दिवशी ठरेल.

शीलानं एक कागद लिहून दिलाय, तो मी फ्रिजवर चिकटवलाय. रोज दोन तास मोकळ्या हवेत. पानं गोळा करावीत. सफरचंदं तोडावीत. शेतातून भटकावं. शरद ऋतूचा आनंद घ्यावा. टीव्ही अर्धा तासच. ताई, आपल्या लहानपणी याला कामं म्हणत. बटाटे काढायला शाळेला सुट्टी मिळायची आणि आपण दोघी संध्याकाळपर्यंत चिखलात वाकलेल्या असायचो, तेव्हा कुणाच्या तोंडून आलं नाही की काय ह्या मुली शरदाचा आनंद घेताहेत.

पानांचं सांगते. दारात दोन मॅपल आणि एक ओक, आणि तिघांनाही माझी दया नाही. पालिकेची गाडी मंगळवारी येते, त्याच्या आत ढीग रस्त्याकडेला लागायला हवा. मी दाताळ्यानं ढीग करते, जोसी त्यात उडी मारते. मी पुन्हा करते, ती पुन्हा मारते. (त्या उडीतच आनंद आहे, असं कागदाचं म्हणणं. दाताळ्याबद्दल कागद गप्प आहे.) काल गाडी आली तेव्हा ढिगातून आधी जोसीला काढावं लागलं आणि मग माझा चष्मा. गाडीवाला म्हणाला, "बाई, एकदाचं काय ते ठरवा, पानं द्यायचीत की ठेवायचीत?"

सफरचंदांच्या बागेत तर उलटीच रीत. तोडायची आपण, वाहायची आपण, आणि वर पैसेही आपणच मोजायचे. जोसीनं हात पोचेल तेवढ्या सफरचंदांना झाडावरच एकेक चावा घेतला. मला, आजीला, समजावते, "बुशा, आधी गोड आहे का बघते, मगच तोडते." विचार काटकसरीचा आहे, तो तिला माझ्याकडून आला, म्हणून मला धड रागावताही येईना. बागवान मात्र रागावू शकला. चावलेली सगळी पदरात घ्यावी लागली.

पण पत्र लिहायला बसले ते शनिवारच्या प्रकरणासाठी. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन भिंतीला आणि जोसी फोनला चिकटलेली. आपला लेनी क्रुशेक, डॅरिलचा शाळेतला सोबती, दर वर्षी मक्याच्या उभ्या शेतात वाटा कापून भुलभुलैया करतो. आमच्या चर्चमधली माणसं पोराबाळांसकट तिथं गेली होती. शिरताना लेनी हातात उंच काठी देतो, टोकाला नारिंगी फडकं. म्हणाला, "जेनीमावशी, चुकलात तर वर धरून हलवा, मी येतो." मी म्हटलं, "लेनी, तुझ्या जन्माआधी मी ह्याच शेतात कणसं खुडलीत. काठी दे शहरातल्यांना." (गर्वाचं पाप. कबुलीच्या यादीत लिहून ठेवलंय.)

आता ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. दिवसभर पोरीमागे धावून रात्री माळ हातात धरली की दुसऱ्या मण्याला डोळा लागतो. मी मनात म्हटलं, अनायासे तासभर चालायचंच आहे, तर माळही इथंच उरकावी. एका चालण्यात कागदही खूश आणि पवित्र माताही. जोसीला सांगितलं, कोटाचं टोक धर आणि मी प्रार्थनेत असताना मध्ये बोलायचं नाही. नजर जमिनीकडे लावून निघाले. पहिले दहा मणी झाले, दुसरे झाले. तिसऱ्याला कोट हलका लागला म्हणून वळून पाहिलं, तर मागे नुसता मका.

ताई, त्या क्षणाचं मी हसून सांगू शकत नाही. हाका मारल्या. डावीकडे पळाले, तिथं मका. उजवीकडे पळाले, तिथंही मका. आपल्या डोक्याच्या वर हातभर, वाळलेला, आणि वाऱ्यानं सारखा खसखस हसणारा. पाच वर्षांची पोर, आणि ती माझ्या हातून गेली. हरवलेलं शोधून देणारा संत अँथनी, त्याचा मी असा धावा केला की तो वर दचकला असेल.

तेवढ्यात कर्ण्यावरून लेनीचा आवाज आला. "मंडळी, लक्ष द्या. एक बुशा हरवली आहे. निळा रुमाल, तपकिरी कोट, कोटाचं एक बटण निराळ्या रंगाचं. नात इथं फाटकापाशी सुखरूप आहे, पण आजीच्या काळजीत आहे." आपल्या पोलिश लोकांत प्रत्येक आजी बुशाच, शेतभर लोकांनी आपापल्या बुशा मोजल्या म्हणे. मग कर्ण्यात जोसी : "बुशा! घाबरू नकोस! आहेस तिथंच उभी राहा! रडू नकोस, लेनीकाका येतोय!" संत अँथनीला दोष देत नाही. मी मागितलं ते हरवलेलंच नव्हतं. जे हरवलं होतं ते त्यानं बरोबर शोधून दिलं.

लेनी ट्रॅक्टर घेऊन आला. मागच्या गाडीत भोपळे भरलेले, त्यांत मला बसवलं. फाटकापाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. फादर ऑगस्टिन हसू दाबत म्हणाले, "जेनेव्हीव, माळ पुरी झाली का?" म्हटलं, "शेवटचे दहा मणी भोपळ्यांत बसून केले, फादर." आणि जोसीला दोन्ही खांदे धरून विचारलं, अगं, वळताना हाक का नाही मारलीस? तर म्हणते, "तू प्रार्थना करत होतीस ना. मध्ये बोलायचं नाही, तूच म्हणालीस. मी दोनदा उजवीकडे वळले, तू नाही वळलीस." सांगितलेलं ऐकणारं मूल मला पहिल्यांदाच मिळालंय, माझ्या चौघांत एक नव्हतं.

आता धास्ती ही, की लेनी आणि डॅरिल दर नोव्हेंबरला एकत्र हरणाच्या शिकारीला जातात आणि लेनीच्या पोटात काही टिकत नाही. शिवाय रोज सहाला डॅरिलचा फोन येतो. कालच जोसीनं सुरू केलं, "बाबा, शनिवारी बुशा आहे ना..." मुलीला खोटं बोल म्हणायचं पाप माझ्याच्यानं होणार नाही. पण बोलत्या तोंडात डोनट घालू नये, असं दहा आज्ञांत कुठं नाही.

मी दमले गं. गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना शिव्या देतात. परवा जेवणानंतर मी खुर्चीतच झोपले, संध्याकाळचे सातही वाजले नव्हते. जाग आली तर अंगावर पांघरूण, आणि जोसी बाहुलीला दटावत होती, "हळू बोल. बुशा आजच्यापुरती संपली."

म्हणून मी ठरवलंय. रविवारी डॅरिलला सरळ सांगणार, बाबा रे, घेऊन जा तुझी लेक. पाळणाघरातल्या मुली तरुण असतात, त्यांचे गुडघे नवे असतात. मी माझी माळ घरात बसून, शांतपणे म्हणेन. माझा एडमंड देवाघरी गेल्यापासून या घरात शांतता भरपूर आहे, तिची मला सवय आहे. भावोजींना नमस्कार. तू जपून राहा, बर्फावरून एकटी चालू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
जेनेव्हीव

ता. क. वाचून झालं की पत्र शेगडीत घाल. शेवटचा परिच्छेद आधी घाल. पाय बादलीत असताना माणूस जे ठरवतं ते धरायचं नसतं.

आणखी एक. तू पस्तीस वर्षं नर्स होतीस. डॅरिल माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. शनिवारी संध्याकाळी त्याला फोन कर. सांग की जेनीचं पत्र आलं, ती ठणठणीत आहे, आणि पोरीला गावची हवा मानवलीय, मध्येच हलवू नका. गुडघ्यांचं विचारलं तर सांग की चालण्यानं सुधारतात. हे खोटं नाही, तूच सगळ्यांना सांगायचीस. मक्याचं आपणहून काढू नकोस. त्यानं काढलंच तर खरं सांग, पण आधी बराच वेळ हवामानाबद्दल बोल. पत्र शुक्रवारच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून जलद टपालाचे पैसे भरतेय. आजवर कधी भरले नव्हते, यावरून काय ते समज.

आणि हे शेवटचं. जोसी विचारतेय, कुणाला लिहितेस एवढं. म्हटलं, ल्युसिला आजीला, तुला काही सांगायचंय का तिला? म्हणाली, "लिही, मला अजून घरी जाता येणार नाही. बुशाला एकटीला बाहेर सोडता येत नाही." हे डॅरिलला सांगायचं की नाही, ते तू ठरव.