मान्साने सांगितलेलं नाव

३ ऑगस्ट
पोचले एकदाची! ही प्रार्थना-छावणी समुद्राला अगदी लागून, वारा कसा मस्त. मी रांधायचं ते स्वयंपाकघर ऐसपैस आहे आणि ते सांभाळणाऱ्या एकुआ आंटींच्या तोंडाला कुलूप नाही. माझी आंबवलेल्या मक्याची केंकी चाखून म्हणाल्या, आराबा, तू आमच्या प्रेषितांचं पोट सुटायला लावणार. प्रेषितांना इथे सगळे पापा म्हणतात. फिटच्या बत्तीस गोळ्या मी गारीच्या रव्याच्या डब्यात तळाशी दडवल्यात. रोज एक घेतली की मी चारचौघींसारखी. पापांच्या मते फिट म्हणजे अंगात शिरलेला सैतान, तेव्हा या बाबतीत अळीमिळी गुपचिळी.

६ ऑगस्ट
आंब्याच्या झाडांखाली एकवीस जण साखळीने बांधलेत. उपासाने सैतान पळतो म्हणून दिवसाआड त्यांना नुसतं पाणी. शेवटची मान्सा, सोळा वर्षांची, फिटवाली. आईबापच आणून सोडून गेले. हिच्यामुळे धाकटीचं लग्न अडलं होतं म्हणे. आंटींनी मला बजावलं, हिच्या तोंडच्या फेसाला हात लावू नकोस, लागण होते. एवढी गोड बाई, पण मान्साचं ताट काठीने सरकवते. मला आज जेवण गेलं नाही.

११ ऑगस्ट
आजपासून गोळीचे दोन तुकडे. अर्धी मला, अर्धी मान्साला, केंकीच्या घासात लपवून. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कळलं तर फाडून खातील. पण तिच्या जागी मी असते, एवढंच सारखं मनात येतं.

२४ ऑगस्ट
तेरा दिवस मान्साला फिट नाही! पापांनी साखळी काढून तिला मंचावर नाचवलं, आपला चमत्कार म्हणून. घ्या म्हटलं श्रेय, माझं काय जातं.

२८ ऑगस्ट
महाउपासासाठी फाटक बंद केलं. एकवीस दिवस कुणी बाहेर जायचं नाही. दवाखाना पार गावात. सात गोळ्या उरल्यात. मी पापांकडे एक दिवसाची सुट्टी मागितली. ते नुसते हसले.

५ सप्टेंबर
गोळ्या परवा संपल्या. आज भर प्रार्थनेत मान्सा पडली. सगळ्यांदेखत पापांच्या चमत्काराची माती झाली. चौघांनी तिला धरलं. पापा म्हणाले, कुणी धाडलं ते हिच्यातला सैतान सांगत नाही तोवर वेत थांबायचा नाही—

६ सप्टेंबर
अजून मारताहेत. पाठीला कातडं राहिलं नाही. मातीत दोन दात पाहिले. पुढे होऊन बोलायला हवं होतं. मी पापांसाठी मासे तळले. थू माझ्यावर.

७ सप्टेंबर
दुपारी तिने नाव सांगितलं. आराबा. घासात काहीतरी कडू असायचं, म्हणाली—
गारीच्या डब्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. मी शिजवलेल्या सगळ्या भांड्यांवर आंटींनी राख ओतली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.
माझ्या पायात साखळी—

८ सप्टेंबर
फिट येऊन गेली असावी. जीभ फाटलीय. वही कंबरेला होती म्हणून—
सगळे गाताहेत. गाणं संपलं की मार सुरू.
पापा मान्साला म्हणाले, "तूच मार हिला. हिचा सैतान बोलला की तू मोकळी."
तिच्या हातात वेत. तिला उभं राहवत नाही, दोघांनी धरलंय. रडतेय.
गाणं थांबलं.
मार, मान्सा. जोरात मार. पापांना हवं ते मी लगेच बोलते. तू तरी सूट—