सिदोरच्या कोनफळाची जागा

आईमेलीक, पलाउ
१२ ऑगस्ट १९१७

प्रिय दादा,

तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार. वहिनीचे गुडघे आता कसे आहेत? माझं बरं चाललंय म्हणायचं. लेक मोठी झाली. जन्म इथला, तरी "आम्ही सोकेसचे" असं इथल्या पोरींना ठासून सांगते. गाव जर्मनांनी जाळलं, हे तिला सांगितलेलं नाही. इथले लोक वाईट नाहीत रे, पण संध्याकाळी जो तो आपापल्या घरी जातो आणि मी दाराशी बसून राहते.

तुझा निरोप घेऊन खलाशी एलियास आला. जर्मन गेले, जपानी आम्हाला परत जाऊ देतायत, तर तू लेकीला घेऊन माझ्याकडेच ये, असं म्हणालास म्हणे. सोबत माफीचं पेय करायची साकाउची मुळी दिलीस. मी ती हातात धरून नुसती उभी. एलियास म्हणाला, "अगं, कुटायला दगड नाही का तुमच्याकडे? भावाने माफी मागितलीय, पिऊन टाक आणि चल बाई!"

मी त्याला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

लेक माझ्या कुळाची, म्हणजे तुझ्याच. तिला मामाचं घर हवं, कळतं मला. पण दादा, एक विचारू?

आमच्या माणसांनी जर्मन साहेबाला मारलं, त्यांच्या युद्धनौका आल्या, डोंगरावर तोफा चालल्या, तेव्हा माझा सिदोर रानात लपला तो त्याच्या कोनफळाच्या वेलापाशी. तिथे आपलं कोणी जाणारच नव्हतं. दुसऱ्याच्या कोनफळाकडे मान वर करून बघायलासुद्धा आपल्यात लाज वाटते. तुमच्या मातालानिमची माणसं शिपायांना वाट दाखवत होती, तीही तिथून मान खाली घालून वळली असती. ती जागा सिदोरने जन्मात एकाच माणसाला दाखवली होती. मी म्हटलंसुद्धा, "असं कोणी दाखवतं का?" तर हसून म्हणाला, "कोणी कुठला? तुझा दादा आहे तो!"

शिपाई सरळ तिथेच गेले. मग त्याला इतरांबरोबर उभं करून गोळ्या घातल्या आणि आम्हाला जहाजात कोंबून इथे आणलं.

तुझं घर जाळायची धमकी दिली असेल. पोरांच्या जिवावर बेतलं असेल. मी सहा वर्षं तुझ्या वतीने कारणं शोधतेय, तू मात्र एकही सांगितलं नाहीस. आणि माफीची मुळी परक्याच्या हाती धाडतोस? ती मी एलियासकडे परत दिलीय.

पुढच्या जहाजाने आम्ही येतोय. उतरू सोकेसलाच. आमच्या जमिनीवर आता दुसरे राहतात म्हणे. राहोत, कडेला झोपडी बांधेन. तिथे ओली मुळी घेऊन तू स्वतः ये, माझ्या दारात बस आणि तोंडाने सांग.

आलास तर मला प्यावंच लागेल. पेला ओठाला लावला की राग संपला, रीतच आहे आपली. त्याचीच भीती वाटते रे. मग सिदोरसाठी रागावणारं या जगात कोणीसुद्धा उरणार नाही.

तरी ये.

तुझी धाकटी बहीण,
पण आधी सिदोरची बायको,
लिकेंत