मुळांभोवतीची पिशवी

१२ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या पिशव्यांनी तुझ्या रोपवाटिकेत केलेली फजिती वाचून आधी हसले, मग पुन्हा पातेलं चढवलं. पाणी घातलं की पिशवीचा लगदा होतो आणि रोप उघडं पडतं, हे मला प्रयोगशाळेत दिसत होतंच, पण तू लिहिलंस तेव्हा लागलं.

कृती साधी आहे. मक्याचा स्टार्च पाण्यात शिजवायचा, थोडं ग्लिसरीन घालायचं, काचेवर पातळ पसरून वाळवायचं. झाली फिल्म. तिची पिशवी करून रोपासकट पुरली की माती ती खाऊन टाकते. पण पाणी तिचं वैरी. म्हणून मी आता त्यात चिकणमाती घालते आहे. बाबा म्हणतात, शेवटी चिखलच कालवायचा होता तर एवढं शिकवलं कशाला, ताईकडेच रोपवाटिकेत पाठवली असती.

हसू नकोस. या मातीचे कण म्हणजे एकावर एक चिकटलेली अतिशय पातळ पानं. ती सुटी झाली तर पाण्याला वळसे घालत आत शिरावं लागतं, आणि फिल्म बळकटही होते. सुटी झाली नाहीत तर गुठळ्या होतात आणि फिल्म वाळक्या पानासारखी तडकते. सुरुवातीला मी माती कोरडीच ओतत होते. आता आधी भिजवते, खूप घुसळते आणि मग स्टार्चमध्ये सोडते. जास्त झाली तरी बिघडतं. आमचे मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, रोज दारात उभं राहून कधी होणार म्हणून विचारतात.

नव्या पिशव्या पाठवते आहे. त्यांची अजिबात दया करू नकोस.

कळावे. पिशव्या फाटल्या तरी लोभ फाटू देऊ नये.

तुझी भिंगरी

---

२८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दया केली नाही. उन्हात ठेवल्या, पाणी मारलं, ओढल्या, एकदा तर रागाच्या भरात आपटल्यासुद्धा. बाजू पक्क्या राहिल्या. बुडाशी पाणी साचतं, तिथे मात्र गळपटल्या. तेवढं बघ.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एक रोप पिशवीसकट लावलं होतं, ते आज उकरलं. पिशवीचा मागमूस नाही, आणि मुळं मोकळ्या सोडलेल्या केसांसारखी चारी बाजूंना पसरलेली. मी उठसूट कौतुक करणारी बाई नाही, तुला माहीत आहे. तरी खड्ड्याशेजारी बराच वेळ बसून राहिले.

आता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते की माझ्या भाचीची पिशवी येते आहे, काढायची गरज नाही, आहे तशी लावा. तुझ्या साहेबाला एवढीच घाई असेल तर त्याला म्हणावं, स्वतः कुंडीत उभा राहून बघ.

जेवत जा. माझा जीव तुझ्यात अडकलेला असतो, हे जाणून असावं.

तुझी आत्या

---

१५ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

थोडक्यातच लिहिते, चिडलेली आहे. माझ्याकडून पिशवीचं काम काढून घेतलं. साहेब म्हणाले, फिल्म पुरेशी झाली, बाकीचं कारखान्यातली माणसं बघतील. बूड अजून टिकत नाही म्हणून सांगितलं, तर म्हणाले तो तुझा प्रश्न नाही. मला खोकी चिकटवायच्या डिंकाच्या कामावर बसवलं आहे आणि कारखान्यात जायला मनाई आहे.

बाबांचं म्हणणं, मान खाली घालून काम करावं, दिवस निघून जातात. ते आयुष्यभर तसेच वागले, त्यांना मी काय सांगू? पहिला माल तुझ्याकडेच येणार आहे, हिरवं पान छापलेला. मी तो पाहिलेला नाही. कसा आहे ते कळव.

राग निवळला की सविस्तर लिहीन. तोवर माया कमी करू नये.

भिंगरी

---

१९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते बाजूला ठेवून लिहिते.

टेकडीवर झाडं लावणाऱ्या बायका काल हिरव्या पानाच्या पिशवीसकट लावलेली रोपं मेलेली घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. माझ्या दारात ओळीने मांडून ठेवली. मी एक बादलीत धुतलं. तुझा स्टार्च मातीत गेला होता, पण मुळांभोवती प्लास्टिकची झिरझिरीत जाळी तशीच होती. मुळं बाहेर पडायला वाट शोधत आतल्या आत गोल गोल फिरून गुदमरली.

आहे तशी लावा, असं मीच सांगितलं होतं. तुझ्या भरवशावर. त्यांनी ऐकलं.

सरळ सांग, तुला माहीत होतं का? असेल तर उत्तर लिहू नकोस. नसेल तर रडत बसू नकोस. मुळं खोक्यात घालून पाठवली आहेत.

आत्या

---

९ नोव्हेंबर

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मला माहीत नव्हतं.

खोकं उघडून तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी मला शांतपणे समजावलं. बूड टिकत नव्हतं म्हणून प्लास्टिक मिसळलं, सगळेच मिसळतात, आणि स्टार्च तर आहेच ना त्यात. पुढच्या आठवड्यात मोठे खरेदीदार येणार होते. मी पांढरा कोट घालून त्यांना चिकणमातीबद्दल सांगायचं आणि बाकी तोंड उघडायचं नाही, असं ठरवून दिलं. बाबाही म्हणाले, नोकऱ्या रस्त्यावर पडलेल्या नसतात, गप्प बैस.

कोट घातला. खोकंही नेलं. चिकणमातीबद्दल सांगितलं. मग खरेदीदारांमधल्या एका बाईंनी पिशवी हातात धरून विचारलं, ही तुम्हीच बनवली का. मी मुळं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही पिशवी माझी नाही. माझी असती, तर ती आज दिसलीच नसती.”

साहेब घाईघाईने म्हणाले की हा जुना, चाचणीचा माल आहे. मी जाळीवरचं, विक्रीच्या मालावरच छापतात ते हिरवं पान दाखवलं. बाईंनी एक मूळ रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि ते सगळे करार न करताच उठले.

संध्याकाळी साहेबांनी राजीनामा मागितला. मी म्हटलं, देणार नाही, राजीनामा देण्यासारखं मी काही केलेलं नाही. काढायचं तर काढा आणि कारण लिहून द्या. काढलं. कारण लिहायचं धाडस झालं नाही. उरलेली मुळं खोक्यात भरून घरी आले.

पुढे काय ते ठरलेलं नाही. या पोरीवर पूर्वीसारखाच भरवसा ठेवता आला, तर ठेव.

तुझी भिंगरी

---

१७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
सगळे आशीर्वाद, मागचे राहिलेलेही.

मी त्या बायकांबरोबर टेकडीवर जाते आहे. जगण्यासारखी रोपं आहेत ती उकरून, जाळी कात्रीने कापून पुन्हा लावतो. बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही जाणार. कुणी शिव्या देतं, कुणी पाणी देतं. दोन्ही घेते आणि खाली बसून उकरायला लागते.

माझी मागची शेड रिकामी आहे. शेगडी आहे, मोठं पातेलं आहे, काच तुझी तू आण. ये. रडायचं असेल तर गाडीत रडून घे, इथे मी चिकणमाती भिजत घातली आहे.

वाट बघते. उशीर केलास तर माया आटणार नाही, पण बोलणी खाशील.

तुझी आत्या

---

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शेडमधून पोरीचं पत्र आलं. बुडाला दोन पदर दिल्यापासून पिशवी पाण्यात टिकते आणि मातीत विरते, त्या खरेदीदार बाई स्वतः येऊन नमुने घेऊन गेल्या, हे वाचून मी पत्र शेजाऱ्यांनाही दाखवलं.

आता हे तिला तू सांग, मला धीर होत नाही. काल तिचे साहेब घरी आले होते. सगळीकडून जाब विचारला जातो आहे, म्हणून आले. म्हणाले, प्लास्टिक मिसळण्याची चूक तिच्या हातून नजरचुकीने झाली असं तिने कबूल करावं, नोकरी परत देतो, वरची देतो. वडिलांनी समजावलं तर पोरगी ऐकेल. मी कसा माणूस आहे याची चौकशी करूनच ते आले असणार. जन्मभर मी वरिष्ठांपुढे मान हलवली, तुला तर त्याचा किती राग यायचा.

मी सगळं ऐकून घेतलं. पाणी दिलं. मग म्हणालो, “तिच्या हातून चूक एकच झाली. ती तुमच्याकडे नोकरीला लागली.” आणि उठून दार उघडून उभा राहिलो. ते जाईपर्यंत तसाच उभा होतो.

दार लावल्यावर ध्यानात आलं की लेकीला विचारायचं राहूनच गेलं. नोकरी तिची, निर्णय तिचा. रागावली तर माझ्या वतीने तू ऐकून घे. ती नाहीच म्हणाली असती, याची मला खात्री होती. माझ्या तोंडून निघेल याची मात्र नव्हती.

धाकट्यावरचा लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुझा भाऊ