जेलरचा आवाज

४ मार्च
संपादकांचा फोन. त्या तुरुंगाच्या सिनेमाला पन्नास वर्षं होतायत, लेख मीच लिहायचा. "घरचंच माणूस आहे ना त्यात! गोड आठवणी येऊ देत." मी म्हटलं, आठवणी नाही, परीक्षण लिहीन. सिनेमातला जेलर म्हणजे आमचे बाबा!

५ मार्च
आई म्हणते, "चार बरे शब्द लिही नि मोकळी हो. तेवढं एकच काम लोकांच्या लक्षात आहे त्यांचं."
नाही. बाकीच्यांना एक माप आणि घरच्याला दुसरं — मग लिहायचं तरी कशाला?

८ मार्च
दुपारी पडदे ओढून सिनेमा लावला. थोड्या वेळानं बाबा हळूच येऊन बसले.

जमलंय ते फार जमलंय. भिंतीकडे तोंड करून जेवणारे कैदी. नवा कैदी चुकून ताटली उलटी धरतो आणि कुणीसुद्धा हसत नाही — अंगावर काटा आला! पळून जायच्या आदल्या दिवशी नायक शेजारच्याच्या सदऱ्याचं बटण लावून देतो. निरोपाचं एक अक्षर नाही.

फसलंय ते पार्श्वसंगीत. कधी रडायचं तेही तेच सांगतं. कोर्टातलं भाषण तर संपता संपत नाही. आणि जेलर. आल्यापासून ओरडतो. सारखा ओरडणाऱ्याची भीती किती वेळ वाटणार?

"दार उघडं आहे. जा!" — जेलर कैद्याला दरडावतो ते वाक्य आलं. रस्त्यात अजून लोक बाबांना म्हणून दाखवतात. बाबा मात्र खाली फरशीकडे बघत होते.

९ मार्च
'जेलरची भूमिका भडक झाली आहे.' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ठेवलं.

१० मार्च
पाठवण्याआधी बाबांना वाचायला दिला. छापून आल्यावर दुसऱ्याकडून कळायला नको. वाचला. चष्मा काढला, चपला घातल्या, बाहेर गेले. आई भांडी आपटतेय. आपटू दे. लेख पाठवला.

१२ मार्च
बाबांना विचारलं, "चहा?" — "हं." बस्स.

१३ मार्च
मी बटाटे सोलत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले.
"तालमीत मी ते वाक्य वेगळं म्हणायचो. दिग्दर्शक म्हणाला, शेवटच्या रांगेतला माणूस दचकला पाहिजे. ओरडलो. गाजलं! मग जो तो ओरडायलाच बोलवायला लागला. कंटाळून सोडलं सगळं."
इतक्या वर्षांत हे कधी बोलले नव्हते.
"वेगळं म्हणजे कसं?"
त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. जवळ आले. पाहुण्याला म्हणावं तसं, अगदी हळू — "दार उघडं आहे. जा."
माझी सुरी हातातच राहिली. दार खरंच उघडं होतं, पण जायची छाती झाली नसती!
मग मीच म्हटलं, "लेख बदलणार नाही हं. पडद्यावर आहे तेच लिहिलंय."
"बदलू नकोसच. भडकच आहे ते."

२० मार्च
अंक आला. बाबांनी सकाळीच नाटकवाल्या मित्राला फोन लावला. "काम असेल तर सांग रे. छोटं चालेल. फक्त ओरडायचं नको."