मारणाऱ्याचा नारळ, धरणारीचा नारळ

बाबा, पास झाली पोरगी. आधी तेवढं सांगून टाकते, कारण माझं तुम्हाला माहीत आहे, बोलायला लागले की दूध उतू गेलं तरी मुद्द्याला येत नाही. पोरगी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, तुमची पणती. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बापच चड्डीची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेत होता, तेव्हा ही तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. नाक तुमचं घेतलंय. हट्टही तुमचाच. ती अलिबागला कॉलेजात फिजिक्स शिकायची. फिजिक्स म्हणजे वस्तू पडते कशी, आदळते कशी, कशाने हलते आणि कशाने थांबते, त्याचं शास्त्र. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचं, देठ सुटला की नारळ खाली येतो. मीसुद्धा असंच म्हटलं होतं. पण बाबा, तेवढंच नाही ते. आणि काय आहे ते मला, तिसरीतून घरी बसवलेल्या तुमच्या मुलीला, आता सांगता येतं! म्हणून तर लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आहे, गोड मानून घ्या.

माझ्या सासरच्या, नागावच्या वाडीत आता रहाट नाही. त्या जागी पाहुण्यांच्या खोल्या आहेत. मुंबई-पुण्याची माणसं शनिवारी येतात, समुद्रात डुंबतात, झोपाळ्यावर फोटो काढतात आणि मोदक खाऊन रविवारी जातात. त्यांना झाडाला बांधलेल्या झोपाळ्याचं एवढं काय अप्रूप असतं कोण जाणे, मागे एक बाई तर झोपाळ्यावरच जेवली. असो. धंदा तुमच्या नातवाने उभा केला, चांगला केला. पण पोरगी पहिल्याच वर्षी नापास झाली, एकाच विषयात, याच पडण्या-आदळण्याच्या, तेव्हा तो म्हणाला, "पुरे झालं आता. मला बुकिंग बघायला माणूस हवा हाय. घरची पोर असताना बाहेरचा कशाला ठेवू?"

मी म्हटलं, "अरे, एक विषय तर गेलाय. परत बसता येतं ना?"

"एकदा बसू दे. तेव्हा न्हाय सुटला, तर टेबलावर बसायचं. मग कुरकुर चालायची न्हाय."

पोरगी उठून विहिरीवर जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले तर म्हणते, "आजी, मला सगळं पाठ आहे गं. सूत्रं झोपेत म्हणून दाखवते. पण प्रश्न जरा फिरवून विचारला की मी गेले." मी म्हटलं, मग मला शिकव. ती रडतारडता हसली. "तुला काय कळणार?" मी म्हटलं, "तेच तर. मला कळलं तर मास्तरांना कळेलच की. दुपारी मी खोबरं खवत बसते, हात गुंतलेले असतात, कान मोकळेच असतात."

तर अशी माझी शाळा सुरू झाली, बाबा. स्वयंपाकघरात. मी विळीवर आणि मास्तरीण पाटावर. पाहुण्यांच्या सोलकढीला नारळ किती लागतात ते विचारू नका, त्यामुळे तास चांगला लांब चालायचा. पहिल्याच दिवशी ती म्हणाली की पाण्याने भरलेला नारळ आणि खडखडीत सुका गोटा वरून एकदम सोडले तर दोन्ही बरोबरच खाली येतात. मी विळीवरून उठलेच. म्हटलं, जन्म गेला माडाखाली, मला सांगतेस? नारळ काढायला आपला पाडप्या माडावर चढलेला होता, त्याला खालून ओरडले, "एक भरलेला आन एक गोटा, दोन्ही हातांतून संगतीच सोड!" त्याला वाटलं म्हातारी बिघडली. पण सोडले त्याने. आणि धप्प असा एकच आवाज आला, बाबा. एकच. मी त्याला पुन्हा टाकायला लावले. पुन्हा एकच. पोरगी कमरेवर हात ठेवून उभी, आणि मी हरले म्हणून मलाच इतका आनंद की काय सांगू.

मग एक दिवस ती म्हणाली, पृथ्वी नारळाला ओढते, तसाच नारळही पृथ्वीला ओढतो. आणि तेवढ्याच जोराने. कमी नाही, जास्त नाही.

मी म्हटलं, "मग पृथ्वी वर का येत नाही?"

"येते. पण ती इतकी जड आहे की तिचं हलणं कुणाला दिसत नाही."

पडवीतून तुमचा नातू ओरडला, "मग त्या पाडप्याला पैसे कशाला देतो मी? पृथ्वीलाच सांगा ना, जरा वर ये, नारळ घेऊन जा!"

"बाबा, तुम्ही बुकिंग बघा," पोरगी म्हणाली.

पण मला काही ते पटेना. म्हटलं, दोघांचा जोर सारखा कसा? एक ओढणारा, एक ओढला जाणारा. एक मारणारा, एक मार खाणारा. मारणाऱ्याचा जोर जास्तच असणार. आणि मग मी तिला तुमचं सांगितलं. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर नारळ फोडायचा खेळ लागायचा, एकाने नारळ मुठीत धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर हाणायचा, ज्याचा फुटला तो हरला. तुम्ही कायम मारणारे. धरायला कधी तयारच व्हायचा नाहीत. रेवदंड्यापर्यंतची माणसं तुमच्याशी खेळायला यायची आणि फुटके नारळ ठेवून जायची. तुम्ही म्हणायचात, "मारणाऱ्याचा नारळ फुटत न्हाय. धरणाऱ्यानं सोसायचं." आमच्या घरात ते देवाच्या आरतीसारखं सगळ्यांना पाठ. तुमच्या नातवाने ते त्याच्या मुलीला सांगितलं, अगदी लहानपणी, खेळताना.

मी हे सांगतेय आणि पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने वही उघडली. त्या अभ्यासात चित्रं काढायची असतात, कोण कुणाला किती जोराने ढकलतं त्याचे बाण. तिने जिथे जिथे दोन वस्तू आदळलेल्या होत्या, तिथे तिथे मारणाऱ्या वस्तूचा बाण लांब काढला होता आणि मार खाणारीचा आखूड. सगळीकडे. सूत्र बरोबर, बाण चूक, म्हणून पुढचं सगळं गणित चूक. "आजी," ती म्हणाली, "हे पुस्तकातलं नाहीच. हे आपल्या घरातलं आहे."

बघा बाबा, कुठून कुठे. तुम्ही किनाऱ्यावर छाती काढून बोललात आणि तुमची पणती कॉलेजात नापास झाली!

आता हे खरं की खोटं ते बघायला दुसरा उपाय नव्हता. मी कोठीतून सोललेले नारळ काढले, नखाने वाजवून एक जाड करवंटीचा निवडला, आणि अंगणात येऊन तुमच्या नातवाला हाक मारली. तो मोबाइल खिशात टाकून, बाह्या सरसावून आला. म्हणाला, "आये, तू धर. मी मारतो." तुमचाच नातू. मी धरला. खोल्यांतले पाहुणे बाहेर येऊन उभे राहिले. त्याने हात मागे घेतला आणि हाणला असा की माझ्या खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. आणि पाणी कुणाच्या कोपरावरून गळतंय? त्याच्या! माझा नारळ अख्खा. तो म्हणाला, "माझाच कच्चा होता." दुसरा घेतला. तोही फुटला. पोरगी म्हणाली, "आता उलट करा. हाच नारळ घेऊन आजी मारेल." मी मारला, तर धरलेला फुटला. म्हणजे मारा नाही तर धरा, तोच एक नारळ जिंकत होता. पोरगी अंगणात उड्या मारायला लागली. "जोर दोघांना सारखाच बसतो! कोण फुटणार ते करवंटी ठरवते! आजी, बाण सारखे!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय वाटलं कोण जाणे. बहुतेक खोलीच्या भाड्यातच हा कार्यक्रम असतो असं वाटलं असेल.

आणि मी तो नारळ हातात घेऊन तशीच उभी, बाबा. कारण मला ती सकाळ दिसत होती. मी परकरात आहे, खेळाच्या आदल्या दिवशी तुम्ही घरी सराव करताय, आणि समोर नारळ धरायला मी. तुम्ही मारता, माझा फुटतो. पुन्हा मारता, पुन्हा माझा फुटतो. मी विचारते, "मी मारू का एकदा?" आणि तुम्ही म्हणता, "तुझा हात कच्चा हाय गं बाय. तुझ्या हातात नारळ टिकायचा न्हाय." फुटलेल्यातलं गोड खोबरं मात्र मलाच देता, मोठा तुकडा, आणि मी ते पायरीवर बसून खाते. त्यानंतर मी कधी खेळात हात घातला नाही. सासरी आले, नणंदा-जावा हसतखेळत नारळ फोडायच्या, मला बोलवायच्या. मी म्हणायचे, माझा हात कच्चा आहे. स्वयंपाकात, शिवणात, पोरांना न्हाऊ घालण्यातसुद्धा कधी काही निसटलं तर मनात तेच यायचं.

आणि त्या दिवशी अंगणात लख्ख कळलं. हाताचं काही नव्हतंच. तुम्ही सगळ्यांत जाड करवंटीचा नारळ आधीच वाजवून तुमच्या पंच्यात ठेवलेला असायचा आणि राहिलेल्यातला मला द्यायचात! काय हो हे, बाबा? स्वतःच्या मुलीशी? मी इतकी हसले की पोरगी घाबरली. रागावले नाही हो, खरंच नाही. नारळ तुम्ही सवयीने निवडत असाल, पण जिंकतो तोच हे तुम्हालाही बहुधा ठाऊक नसणार, तुम्हाला वाटत असणार की सगळी करामत तुमच्या दंडाची. तुमचे बाणही चुकलेलेच होते.

पुढे दिवाळीच्या सुमाराला तिची परीक्षा झाली. निकाल मोबाइलवर लागला. ती वाचायला तयार होईना, म्हणून मोबाइल बापाच्या हातात दिला. त्याने वाचलं, डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, परत वाचलं, आणि एवढंच म्हणाला, "बुकिंगला माणूस बघायला लागणार आता." मग गाडी काढून गेला आणि पेढे घेऊन आला. खोल्यांतल्या अनोळखी माणसांना वाटत सुटला, "माझी मुलगी. फिजिक्स." जसा काही विषय त्यानेच शोधून काढला. आणि पुढच्या नारळी पौर्णिमेला मी किनाऱ्यावर गेले, नऊवारी नेसून, पदर खोचून, आणि धरायला उभी राहिले. तरण्याताठ्या पोरांनी मारले. नारळ कुणी वाजवून निवडला होता ते मी सांगत बसले नाही, तेवढं तुमच्याकडूनच शिकलेय. फुटक्या नारळांची पिशवी उचलायला माणूस लागला.

त्यानंतर तिचा एकही विषय राहिला नाही. यंदा पदवी झाली आणि मुंबईला पुढे शिकायला जागा मिळाली. पावसात मांडव्याच्या बोटी बंद असतात, म्हणून रेवसवरून लाँचने गेली, भाऊच्या धक्क्याला. आम्ही रिक्षाने सोडायला गेलो. रिक्षात मी तिला विचारलं, सगळं खाली पडतं तर चंद्र का पडत नाही? आता बॅगा, छत्र्या, डब्यातले लाडू, आणि ही मला चंद्र सांगतेय. म्हणाली, "पडतोच आहे, आजी. सारखा पडतोय. पण पडतापडता पुढेही धावतोय, इतका जोरात, की पृथ्वी त्याच्या खालून वळून जाते आणि तो तिला चुकवतो. म्हणून फिरत राहतो." रेवसच्या धक्क्यावर पोचेपर्यंत तिने दोनदा सांगितलं. लाँचची शिट्टी झाली. तिने विचारलं, "कळलं?"

मी म्हटलं, "न्हाय गं."

तिचा चेहरा एवढासा झाला. "थांब, रविवारी फोन करून नीट सांगते." आणि केला. चंद्राचं पहिल्यापासून सांगितलं, मग वसतिगृहातल्या डाळीचं सांगितलं, मैत्रिणीचं, खोलीत गळणाऱ्या कोपऱ्याचं, आणि शेवटी पुन्हा विचारलं, कळलं का. मी म्हटलं, धावण्यापर्यंत कळलं, पुढचं अडतंय. ती म्हणाली, काही हरकत नाही, पुढच्या रविवारी.

तर हे पत्र मी कुठे टाकणार नाही, बाबा. तुमचा पत्ता नाही, ते एक झालंच. पण हे पोरीच्या हाती लागलं तर माझी पंचाईत होईल. चंद्र मला रिक्षातच कळला होता, पहिल्यांदा सांगितला तेव्हाच. पण उद्या रविवार आहे, आणि उद्याही मला तो कळणार नाहीये.