बाटलीवरची माझी ओळ

३ ऑक्टोबर

झालं! ओळ पास झाली. 'रोज एक बाटली, सर्दीला दारातच अडवा!' साहेबांनी टेबलावर थाप मारली, चहा सांडला, तो पुसायचंही भान नाही. नव्या पेयाच्या बाटलीवर ठळक छापणार. आतापर्यंत माझ्या वाट्याला 'थंड जागी ठेवा' आणि 'उघडल्यावर लगेच संपवा' — तेही भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरांत.

फक्त जंतूमावशी नाखूश. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बाटलीतले जिवंत जंतू त्या वाढवतात, म्हणून हे नाव. (त्यांना माहीत आहे. आवडतंही बहुतेक.) त्यांनी मला दिलेलं वाक्य होतं — 'काही लोकांमध्ये सर्दीचे दिवस किंचित कमी होऊ शकतात.' साहेब म्हणाले, "किंचितने बाटली खपते का हो?" मीच खोडला तो शब्द.

६ ऑक्टोबर

आईला नमुन्याची पहिली बाटली दिली. तिने चष्मा शोधला, पुसला, ओळ मोठ्याने वाचली. संध्याकाळपर्यंत जिन्यात भेटेल त्याला सांगून झालं — "आमच्या हिने लिहिलंय." मी आपली लाजल्यासारखं करत होते. आतून नुसत्या उकळ्या!

९ ऑक्टोबर

दुपारचा डबा जंतूमावशींबरोबर, त्यांच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर. आतल्या उबदार कपाटांचा आंबूस वास तिथपर्यंत येतो. विचारलं, हे जंतू करतात तरी काय? सर्दी नाकात, हे पोटात!

"अगं, शरीराचे बरेचसे पहारेकरी आतड्याच्या आसपासच मुक्कामाला असतात. हे जंतू येता-जाता त्यांना डिवचतात. त्यामुळे ते डुलक्या घेत नाहीत. त्याचा फायदा नाका-छातीपर्यंत पोचतो का? थोडा पोचत असावा. किती, कुणाला, कुठल्या जंतूने — तिथे आमचं घोडं अडलंय."

"आणि फ्लू?"

"फ्लूला लस. बाटली पी हवी तर, पण लस घे."

'असावा'. केस पांढरे झाले या बाईंचे ह्याच कामात आणि त्या म्हणतात 'असावा'. मी एका दुपारी लिहून मोकळी — 'अडवा!' नंतर दिवसभर हेच डोक्यात.

१४ ऑक्टोबर

दवाखान्यातून फोन. आईच्या फ्लूच्या लसीची आठवण. गेल्या हिवाळ्यात तिचा फ्लू छातीत उतरला, न्यूमोनिया झाला, तेव्हापासून फुप्फुसं नाजूकच आहेत. फोन ठेवून आई म्हणाली, "यंदा सुई नको बाई. दंड ठणकतो. तुझी बाटली आहे ना!"

मी हसले. हसायला नको होतं.

१६ ऑक्टोबर

विषय काढला. आडून.

"आई, जाहिरातीत थोडं वाढवून सांगतात."

"कोण सांगतं?"

"कंपनी."

"लिहिलंय कुणी?"

"मी."

"मग?"

मग काय! उठून कुकर लावला.

खरं सांगायला जड का जातंय, ते इथे तरी लिहावं. दोन नोकऱ्या सुटल्या, लग्न मोडलं, मी परत या घरात आले, तेव्हापासून आई माझ्याबद्दल कुणाकडे काही बोलत नव्हती. लोकांनी विचारलंच तर विषय बदलायची. आता जिन्यात थांबते ती दम लागला म्हणून नव्हे, माझ्याबद्दल सांगायला. ते बंद पडेल. एवढंच कारण. किती क्षुद्र!

१९ ऑक्टोबर

उद्या सांगते.

२२ ऑक्टोबर

ऑफिसात अर्धी टेबलं रिकामी. फ्लू! हिशेबनीस एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात आमचीच बाटली घेऊन खोकत होते. साहेबही शिंकताहेत. म्हणे धुळीची ॲलर्जी.

जंतूमावशींनी विचारलं, "आईची लस झाली?"

"होईल."

"होईल काय? टोचली की लगेच चालू, असं नसतं गं. अंगात मुरायला दोन आठवडे जातात."

सरळ घरी गेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "आई, ती ओळ खरी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे थोडासाच फरक पडतो. तोही सगळ्यांना नाही. मावशींनी 'किंचित' म्हटलं होतं, तो शब्द मी काढला. आणि फ्लूशी तर बाटलीचा काही संबंधच नाही."

घड्या चालूच. वर न बघताच — "मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकी खूश होतीस."

"बाटलीचं काय कौतुक मला? आंबट पाणी नुसतं! मला वाटलं, तू काहीतरी अभ्यास करून लिहिलंस."

तोंडात मारल्यासारखं झालं. रडले. तिने समजूत काढली नाही. बरोबरच केलं.

२३ ऑक्टोबर

आईने लस घेतली. येताना जिन्यात थांबली, वरच्या मजल्यावरच्या काकूंना म्हणाली, "त्या बाटलीवरचं तितकंसं खरं नाही हो. तुम्हीपण लस टोचून घ्या." माझ्यादेखत! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मग घरात शिरताना एकदम हलकं वाटलं. जेवण दोघींना छान गेलं.

२७ ऑक्टोबर

साहेबांना म्हटलं, 'किंचित' परत घाला. जंतूमावशी माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. साहेब म्हणाले, "पुढच्या छपाईला बघू." सगळ्या उत्साहावर विरजण — आणि आमचा तर धंदाच विरजणाचा!

दोघी बाहेर येऊन खूप हसलो.

३० ऑक्टोबर

आईला ताप. खोकला. मलाही कालपासून कणकण — म्हणजे ऑफिसातून मीच आणला घरी. लसीला आठवडा जेमतेम झालाय.

१४ तारखेलाच सांगितलं असतं तर! — दुसरं काही सुचतच नाही.

१ नोव्हेंबर

हॉस्पिटल. आई ऑक्सिजनचा मास्क लावू देईना. गुदमरतं म्हणते, घरी चल म्हणते. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही आजी, दोन दिवसांत ठणठणीत व्हाल!" तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली. "तू सांग. बरी होईन?"

म्हटलं, "माहीत नाही, आई. मला भीती वाटतेय. पण हा लावलास तर शक्यता जास्त आहे."

"किती?"

"थोडी."

तिने मास्क लावून घेतला.