बिनधातूची अभिक्रिया

बनशंकरी, बेंगळुरू
४ ऑगस्ट २०२५

चि. भव्या हिस अनेक आशीर्वाद.

तुझा शोधनिबंध दोनदा वाचला. पहिल्या वाचनात विश्वास बसला नाही. दुसऱ्या वाचनात तर मुळीच बसला नाही. फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला कानडीत सरी, सरी, म्हणजे बरे, बरे, म्हणतेस आणि फोन ठेवताच विसरतेस, म्हणून लिहून पाठवतो.

दोन बेंझीन-वलये अशा रीतीने जोडायची तर पॅलेडियम हा धातू लागतो, हे मी सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्गात तीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले. तुझा विद्यार्थी विराट सांगतो, की धातूचा कणही न घालता ती जोडली गेली. घातला नाही, हे मान्य. नव्हता, हे कशावरून? तुझ्या प्रयोगशाळेच्या नव्या जागेच्या उद्घाटनाला आलो होतो, तेव्हा एका टबात सगळ्या मुलांच्या चुंबकी कांड्या उपटलेल्या दातांसारख्या एकत्र पडलेल्या पाहिल्या होत्या. द्रावण ढवळून ढवळून त्यांच्या पांढऱ्या आवरणावर चरे पडतात आणि शेजारच्या मेजावरच्या मुलीने वापरलेला पॅलेडियम त्या चऱ्यांत मुक्काम करतो; अभिक्रियेला तेवढा कणही पुरतो. कोरी कांडी घे आणि प्रयोग पुन्हा कर.

पंचवीस तारखेला तुझी प्राध्यापकपदाची मुलाखत आहे आणि सारी भिस्त याच निबंधावर आहे, म्हणून ही घाई. पोरीच्या आनंदात मिठाचा खडा टाकू नका, असे तुझ्या काकी म्हणतात. मीठ नव्हे, पॅलेडियम, असे मी त्यांना सांगितले. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

राग आला तर येऊ दे, पण प्रयोग कर.
तुझा काका,
हंबीरराव


के. आर. पुरम
९ ऑगस्ट २०२५

ती. अण्णाकाकांस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. आधी अभिनंदन लिहितात, काका, आणि मग शंका. ते पहिले पान तुमचे पाकिटात घालायचे राहून गेलेले दिसते.

निबंध तीन परीक्षकांनी तपासला. वापरलेले प्रत्येक रसायन बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. कशातही धातू सापडला नाही. हाच प्रयोग चार मुलांनी वेगवेगळा करून पाहिला, चौघांनाही तेच उत्तर मिळाले. कांड्या आम्ही आम्लात धुतो. सहयोगी प्राध्यापक म्हणून मी इतकी वर्षे काढली, की माझ्यामागून आलेले लोक माझ्या वरच्या खोलीत जाऊन बसले. मुलाखत होईपर्यंत स्वल्प दम धरा. विराटला तुमचे म्हणणे सांगितले, तर त्याने तुम्ही त्याच्या प्रबंधाचे परीक्षक आहात का, अशी घाबरून चौकशी केली.

काकींना नमस्कार. त्यांचे चिरोटे मुलांनी जिन्यातच संपवले.

रागावले आहे, तरी तुमचीच,
भव्या


बनशंकरी
१२ ऑगस्ट २०२५

चि. भव्या हिस आशीर्वाद.

घरातल्या सगळ्यांची झडती घेतलीस आणि चोराला झडतीच्या कामावर नेमलेस! रसायने तपासली, ती ढवळणारी कांडी तपासली का? चौघांनी प्रयोग केला म्हणतेस. चौघांनीही त्याच टबात हात घातला ना? आम्ल पृष्ठभाग धुते, खोल चरे धुतेच असे नाही, हे तू मला शिकवायचे की मी तुला?

आज स्वतः दुकानात जाऊन कोऱ्या कांड्या आणल्या. या वयात चुंबक कशाला हवेत, असे दुकानदाराने विचारले. पुतणीच्या हट्टासाठी, असे उत्तर दिले. त्या स्पीड पोस्टाने पाठवत आहे. पाकीट तूच फोड. त्या टबाची सावलीही त्यांवर पडू देऊ नकोस.

माया आहे म्हणूनच हा त्रास देतो.
हंबीरराव


के. आर. पुरम
१७ ऑगस्ट २०२५

ती. अण्णाकाकांस सा. न. वि. वि.

तुमचे खरे ठरले. याहून वाईट वाक्य मी या वर्षात लिहिलेले नाही.

तुमच्या कोऱ्या कांडीने दिवसभर ढवळले. काहीही झाले नाही. तेच द्रावण, तीच उष्णता, टबातली जुनी कांडी, आणि दुपारपर्यंत अभिक्रिया पूर्ण. विराट आधी म्हणाला, की दुकानदाराने तुम्हाला फसवले असेल. मग सगळ्या कांड्या त्याने पुन्हा लावून पाहिल्या आणि तो न जेवताच वसतिगृहावर गेला.

आमचे विभागप्रमुख पद्मनाभ सर यांना सांगितले. त्यांचे म्हणणे असे, की हे अजून बाहेर कोणाला ठाऊक नाही. मुलाखत होऊ द्यावी आणि मग निबंध मागे घ्यावा. आठवड्याने आकाश कोसळत नाही. तुम्ही काय सांगाल ते मला पाठ आहे, म्हणून तुम्हाला विचारत नाही. तुमच्यावर इतकी चिडले आहे, की काकींशीही बोलवत नाही.

भव्या


बनशंकरी
१९ ऑगस्ट २०२५

चि. भव्या हिस अनेक आशीर्वाद.

तुला पाठ असलेले मी सांगणार नाही. स्वतःचे बरोबर ठरल्याचा एवढा संताप मला जन्मात आला नव्हता. कुठून ती बुद्धी झाली आणि दुकानात गेलो!

पद्मनाभांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. तू जाणूनबुजून काही केलेले नाहीस. मुलाखत दे, पद घे आणि दुसऱ्या दिवशी निबंध मागे घे. शास्त्राला आठवडाभर थांबता येते; तुझे वय थांबत नाही. हे पत्र तुझ्या काकींना वाचायला दिले. त्यांनी ते घडी करून परत दिले आणि पाकीट तुमचे तुम्हीच चिकटवा, असे म्हणाल्या.

सुखी राहा, एवढेच मागणे.
हंबीरराव


के. आर. पुरम
२७ ऑगस्ट २०२५

ती. अण्णाकाकांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र बावीस तारखेला मिळाले. अक्षर तुमचेच आहे का, ते पाकीट उलटून पुन्हा पाहिले.

निबंध मागे घेत असल्याचे मी अठरा तारखेलाच नियतकालिकाला कळवले होते. मुलाखतीत बसल्याबरोबर समितीलाही सांगितले. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाची फार स्तुती केली, मला कॉफी दिली आणि पद दुसऱ्याला दिले. विराटचे वर्ष वाया गेले. आता तो स्वतःची कांडी कुलपात ठेवतो आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतो.

पण माझा राग समितीवर नाही, तुमच्यावर आहे. ते पत्र सतराला माझ्या हातात असते, तर मी तुमचे ऐकले असते. जन्मात एकदाच माझी बाजू घ्यायची, आणि तीही अशा जागी? ते पत्र मी फाडून टाकले आहे, काकींना तसे सांगा. या महिन्यात दोन कागद मागे घेतले, काका: एक माझा, एक तुमचा.

रविवारी जेवायला येते. तोवर भांडण आणि माया, दोन्ही जपून ठेवा.
तुमची,
भव्या